कॅन्ससच्या सुरांवर फुगलेला पाव

आमच्या बेकरीत घड्याळ नाही. होतं एक, पण त्याच्या पोटात सारखं पीठ जायचं आणि ते दिवसाआड बंद पडायचं, म्हणून आईने उतरवून टाकलं. गिऱ्हाईक विचारतं, "गरम पाव कधी निघणार?" मी आतला कानोसा घेते आणि सांगते, "आता ढोल चाललेत ना? ते संपले की व्हायोलिन येईल, मग सगळे मिळून ओरडतील. तेव्हा या." जुनं गिऱ्हाईक मान डोलावून जातं. नवं गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं की दोन शब्द सुनावावेसे वाटतात. माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून ठेवते.

ही पद्धत माझी नाही, कॅन्ससची. कॅन्सस म्हणजे माझ्या आईचा दुसरा नवरा. बेकरी मुळात माझ्या बाबांची. ते गेले तेव्हा मी शाळेत होते, आणि हा माणूस आमच्याकडे पिठाची पोती घेऊन येणारा ट्रक चालवायचा. उंच, खांदे पुढे झुकलेले, भुवयांवर कायम पांढरी भुकटी. बाबा गेल्यावर आई एकटी भट्टीशी झुंजत होती. हा पोती उतरवता उतरवता एखादी फळी उचलून दे, भट्टीची राख काढून दे, असं करत करत वर्षभराने घरातच आला. कानामागून आला आणि तिखट झाला, असं मी मैत्रिणींना सांगायचे. खरं तर तिखटपणा सगळा माझ्याकडेच होता. तो बिचारा माझ्यासमोर पाय न वाजवता चालायचा.

मी त्याला हाकच मारत नसे. आईला म्हणायचे, "त्यांना सांग, जेवायला वाढलंय." ते समोरच बसलेले. एकदा कशावरून तरी भांडण झालं आणि मी ओरडले, "तू माझा बाबा नाहीस! तू तुझ्या त्या रेकॉर्डवरच्या कॅन्ससचा! जा, तिकडेच जा!" आई मला मारायला उठली. तो हसायला लागला. म्हणाला, "अगं, मग कॅन्ससच म्हण की. नाव चांगलं आहे." मी हट्टाने म्हटलं, एकदा, दोनदा, दहादा. आठवड्याभरात अख्खी गल्ली म्हणायला लागली. आई म्हणायची, "अगं, वयाने मोठा आहे, काही मान ठेव." त्यावर तो म्हणायचा, "असू दे. एवढ्या मोठ्या बँडचं नाव दिलंय पोरीने, आणखी मान तो कसला?"

कॅन्सस हा अमेरिकेतला बँड, सत्तरच्या दशकातला. सहा जण, आणि त्यांतला एक चक्क व्हायोलिन वाजवणारा. त्याच्या रेकॉर्डी आमच्या घरात कशा आल्या, ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की झोपेतही सांगेन. ट्रकच्या फेरीत आमच्या कॅन्ससला एक रेकॉर्डचं दुकान लागायचं. ते बंद होणार म्हणून मालक सगळा माल काढून टाकत होता. हा आत शिरला. या प्रकारच्या संगीतातले, म्हणजे वीस-वीस मिनिटं चालणाऱ्या, मध्येच चार वळणं घेणाऱ्या गाण्यांतले, इंग्लंडचे बँड जाणकारांनी आधीच उचलले होते. खोक्याच्या तळाशी उरले होते ते अमेरिकेवाले. मालक म्हणाला, "हे घेऊन काय करणार? असली माल गेला, ही सगळी नक्कल." पण याला वरच्या रेकॉर्डवर नाव दिसलं. पिठाच्या धंद्यातल्या माणसाला कॅन्सस म्हणजे गव्हाचा मुलूख. गव्हाच्या मुलखातली पोरं वाजवतात तरी काय, ते बघू, म्हणून त्याने अख्खं खोकं उचललं. तेव्हा त्याच्या घरी रेकॉर्ड वाजवायचं यंत्रही नव्हतं.

मग यंत्र आलं, आणि वेड लागलं. त्याच्या लेखी पहिला नंबर अर्थातच कॅन्ससचा. दुसरा स्टिक्सचा, कारण "तिघं-तिघं गाणारे, आणि एकाचाही पाय दुसऱ्याच्या पायात नाही." तिसरा स्टारकॅसलचा. हॅपी द मॅन नावाचा एक बँड आहे, त्यात गाणं कमी आणि वाजवणंच जास्त. तो त्याने गोड बनसाठी राखून ठेवला होता, कारण बन करताना त्याला स्वतःला गुणगुणायचं असायचं आणि "मध्ये कुणी बोललेलं चालत नाही." स्टारकॅसलवर तर तो कुणालाही भांडायला घ्यायचा. त्यांना जाणकार लोक इंग्लंडच्या बँडची सही सही नक्कल म्हणतात, हे त्याला ठाऊक होतं. तो म्हणायचा, "लांबून काहीतरी ऐकलं, आवडलं, तसंच करायला गेली पोरं. पण हात त्यांचे, पाणी त्यांचं, पीठ त्यांचं. तसंच कसं होईल? झालं ते त्यांचंच झालं." मला तेव्हा वाटायचं, हा गाण्याबद्दल बोलतोय.

आता पावाचं. माझ्या बाबांना पीठ हाताला कळायचं. बोट लावलं की सांगायचे, झालं किंवा नाही झालं. ते ज्ञान त्यांच्याबरोबर गेलं. कॅन्सस लग्नानंतर भट्टीवर आला तेव्हा त्याला काहीच कळायचं नाही. घमेल्यावरचं फडकं सारखं उचलून बघायचा, झालं का, झालं का? पिठाला गार हवा लागून ते रुसून बसायचं. पहिले पाव असे निघाले की दाराला टेकण म्हणून लावावेत. एक दिवस आई वैतागली. "तुम्ही आधी त्या पिठापासून लांब व्हा! जा, ती तुमची गाणी ऐका." तो निमूट गेला, कॅन्ससची एक बाजू लावली, ती संपेपर्यंत हात मांडीखाली दाबून बसला. बाजू संपल्यावर फडकं उचललं तर पीठ कसं छान, गुबगुबीत. त्याने त्याला एक घडी घातली, रेकॉर्ड उलटली, पुन्हा बसला.

तेव्हापासून तोच नियम. रेकॉर्डची एक बाजू, पिठाची एक घडी. मग गोळे साच्यात घालायचे आणि शेवटच्या फुगण्यासाठी दोन बाजू. डब्याच्या आकाराचा मोठा पाव कॅन्ससवर, छोटे पाव स्टिक्सवर, जाडसर दळलेल्या गव्हाचा जड पाव स्टारकॅसलवर. थंडीत एक गाणं जास्त, उन्हाळ्यात शेवटचं गाणं सोडून. रेकॉर्ड वाजवायचं यंत्र पिठापासून वाचावं म्हणून बिस्किटांच्या जुन्या काचेच्या कपाटात ठेवलं होतं, भट्टीच्या समोरच्या, गार कोपऱ्यात. हळूहळू पाव चांगला व्हायला लागला. मग फारच चांगला व्हायला लागला. गल्लीच्या टोकापर्यंत रांग लागायची आणि रांगेतली माणसं ज्या तालावर पाय हलवायला जायची, तो ताल मध्येच बदलायचा. सगळी रांग अडखळायची. मला ते बघायला फार आवडायचं.

संगीत मात्र आवडत नाही, असं मी साफ सांगितलं होतं. अभ्यास त्या गोंगाटात केला, ताप त्या गोंगाटात काढला, शिक्षण संपवून गल्ल्यावर उभी राहिले तीही त्याच गोंगाटात. कुणी विचारलं की मी म्हणायचे, "मला विचारू नका, माझे कान किटलेत." आणि गल्ल्यावर ज्या जागी सगळी वाद्यं एकदम थांबतात, त्या जागी माझी बोटं आपोआप लाकडावर पडायची. ते माझ्या लक्षातही येत नसे.

एक माणूस मात्र आमचा पाव खात नव्हता. माझ्या बाबांचे थोरले भाऊ, माझे मोठे काका. निवृत्त मुख्याध्यापक, दाढी रोज, कपड्यांना कडक इस्त्री. बेकरीची जागा त्यांची, पाटीवर नाव बाबांचं. बाबा असताना रोज एक पाव त्यांच्याकडे जायचा. आईने दुसरं लग्न केलं आणि तो बंद झाला. भांडण नाही, तंटा नाही. आमच्या दारावरून जाताना ते फक्त पलीकडच्या बाजूने जायचे. कॅन्ससशी बोलायची वेळ आली तर "पीठवाले" म्हणायचे. आवाज चढवून नाही, हजेरी घेताना म्हणावं तसं.

गेल्या उन्हाळ्यात ते अचानक गल्ल्यासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "औषधांच्या दुकानासाठी एक जण जागा मागतोय. मी अजून हो म्हटलेलं नाही." आईच्या तोंडचं पाणी पळालं. ते पुढे म्हणाले, "वर माझ्या भावाचं नाव आहे आणि खाली काय विकलं जातं, ते मला ठाऊक नाही. रविवारी सकाळी येतो. भट्टीतून निघालेला पाव खाईन. मग ठरवेन." एवढं बोलून गेले, पलीकडच्या बाजूने.

मी पेटलेच. म्हटलं, "हे कोण परीक्षा घेणारे? इतकी वर्षं नाक मुरडून चालले आणि आता चव घेणार!" कॅन्सस भट्टीसमोर उभा होता. मला वाटलं काहीतरी बोलेल. तो नुसता "हं" म्हणाला. हल्ली तो सगळ्यालाच हं म्हणायचा. मी मीठ मागितलं की साखर द्यायचा आणि वर हं म्हणायचा. आई म्हणायची, नवरा म्हटला की बहिरेपण आलंच, सगळ्यांचे नवरे असेच असतात.

शनिवारभर आईने बेकरी घासली. जाळी काढली, भिंत पुसली, फळ्या धुतल्या. मग तिला वाटलं, मोठे भाऊजी बसणार कुठे? भट्टीशेजारी बसले तर भाजून निघतील. गार कोपरा एकच, आणि तिथे काचेचं कपाट. तिने ते ढकलत ढकलत भट्टीच्या भिंतीला लावलं आणि गार कोपऱ्यात खुर्ची मांडली, वर उशी. कॅन्ससनेही हात लावला. पाहुण्याला धग लागू नये एवढाच त्या दोघांच्या डोक्यात विचार. यंत्राला धग लागेल, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी घड्यांपर्यंत सगळं सुरळीत झालं. कॅन्ससने साचे भरले, बाबा भरायचे तसे, अगदी तेवढेच. कित्येक वर्षं तो बाबांसारखा उंच, डोक्यावर चीर पडलेला पाव करायला बघत होता आणि दर वेळी म्हणायचा, "जवळ आलाय, पण तो नव्हे." त्या दिवशी तो साच्यांकडे असा बघत होता की मला त्याची कीव आली आणि त्या किवेचाच राग आला. मोठे काका आले. खुर्चीत ताठ बसले, काठी गुडघ्यांमध्ये धरून. कॅन्ससने शेवटच्या फुगण्याची पहिली बाजू लावली. मी गल्ल्यावर गेले.

पहिलं गाणं सरलं तोवर मी सुटे बन मांडत होते. मग काहीतरी खटकलं. व्हायोलिनला सर्दी झाल्यासारखी वाटली. गाणारा माणूस रोजच्यापेक्षा जाड आवाजात गात होता, जणू त्याचा थोरला भाऊ गातोय. म्हटलं, मला धास्ती बसलीय, त्याने असं ऐकू येतंय. तेवढ्यात पुढच्या गाण्यातली ती जागा आली, जिथे सगळं एकदम थांबतं. माझी बोटं लाकडावर पडली. आणि आत वाद्यं वाजतच होती. थांबली ती नंतर.

मी बन टाकून आत धावले. कॅन्सस माझ्याकडे पाठ करून उभा होता, तळहात कपाटाच्या काचेवर, डोळे फिरत्या रेकॉर्डवर. मी म्हटलं, "अरे, उतरलंय ते! यंत्र हळू चाललंय!" तो वळला नाही. मी मोठ्याने म्हटलं. तरी नाही. मोठ्या काकांनी मान वळवली, भट्टीजवळच्या आईने मान वळवली, हा नाही. मी पुढे जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "अजून दोन गाणी आहेत, मग बाजू उलटायची."

मीठ आणि साखर, हं आणि हं, सगळं एका क्षणात जुळलं. मी त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं, "कॅन्सस, तुला ऐकू येत नाही?"

त्याने आधी मोठ्या काकांकडे पाहिलं. मग हळू आवाजात, त्याला हळू वाटत होता पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाला, "खालचं येतं. ढोल हाताला लागतात. व्हायोलिन गेलं. बरेच दिवस झाले. पण सुई कुठे आली ते दिसतं ना. चालून जातं."

पीठ मळायच्या यंत्राशेजारी इतकी वर्षं उभा राहिलेला माणूस. त्याला सगळ्यांत आवडणारा आवाज त्याच्यापासून निघून गेला, आणि तो आम्हा कुणाला न सांगता रोज काचेला हात लावून उभा राहत होता. मला रडू आलं आणि मी ते रागाने गिळलं, कारण त्याच वेळी माझी नजर साच्यांवर गेली. पीठ कडा ओलांडून वर आलं होतं, थरथरत होतं. मी बोट लावलं तर खड्डा तसाच राहिला. भट्टीच्या धगीने यंत्राचा रबरी पट्टा जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखा सैल झाला होता आणि एकेक गाणं लांबत गेलं होतं. त्यात खुर्चीला जागा करायला साचेही भट्टीला चिकटवून ठेवले होते, तिथे पीठ दुप्पट वेगाने फुगलं. अति तिथे माती. असा पाव भट्टीत गेला की बसणार, आणि त्याच्याबरोबर आम्हीही.

"काही अडचण?" खुर्चीतून आवाज आला.

"छे छे, काही नाही," आई म्हणाली. तिचा चेहरा पिठासारखाच झाला होता.

कॅन्ससने साचा हातात घेतला, बघितला आणि पालथा केला. एक, दुसरा, सगळे. हवा दाबून काढली. आई कुजबुजली, "अहो, साच्यातला पाव हवा होता. हिच्या बाबांसारखा." त्याला ऐकू गेलं नसणार, पण त्याने तिच्या तोंडावरून वाचलं. म्हणाला, "आता ते पीठ उंच उभं राहायचं नाही. गोल, बसका करू. जमेल तसा." आणि त्याचे हात चालायला लागले. इतकी वर्षं मी ते हात बाबांची नक्कल करताना बघितले होते, चाचरत, आठवून आठवून. त्या दिवशी ते हात कुणाचीच आठवण काढत नव्हते. गोळा फळीवर फिरायचा, तळाशी आवळला जायचा आणि गप्प बसायचा.

गोल पाव मांडून झाले. आता त्यांना थोडं फुगू द्यायचं होतं, आणि यंत्र तर बिघडलेलं. मोठ्या काकांनी मनगट पुढे केलं. "माझ्याकडे घड्याळ आहे. किती मिनिटं?"

मी ते कॅन्ससला ओरडून सांगितलं. तो गोंधळला. "मिनिटं मला कुठे ठाऊक? दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं पूर्ण. दुसऱ्यातलं व्हायोलिन आलं की बोट लावून बघायचं. तिसरं संपायच्या आत भट्टीत."

मोठे काका घड्याळाकडे बघत राहिले. आई माझ्याकडे बघायला लागली. कॅन्ससही माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघताय? मला ते आवडतसुद्धा नाही!"

आणि मी गायला सुरुवात केली.

आता गायला म्हणजे काय, गिटारचं टँग टँग तोंडाने, ढोल रिकाम्या साच्यावर, व्हायोलिन नाकातून. शब्द अर्धे खरे, अर्धे लहानपणी मला ऐकू आले तसे. मला आधी लाज वाटली, मग वाटेनाशी झाली. एकेक वळण आपसूक येत गेलं. इथे ऑर्गन, इथे दोघं गाणार, इथे श्वास, इथे सगळे गप्प. एक जागा माझी चुकली नाही. ताकाला जाऊन भांडं किती वर्षं लपवलं होतं मी! कॅन्सस माझ्या ओठांकडे बघत होता, बोटाने हवेत ताल धरून. सात मात्रांचा तो अवघड तुकडा आला तेव्हा मी जरा घाई केली, तर त्याने बोट वर करून मला थोपवलं, एक मात्रा जास्त मोजून दाखवली आणि मग सोडलं. मोठ्या काकांची काठी फरशीवर ठक ठक करायला लागली होती. सातात येऊन ती अडकली, पुन्हा पकडायला गेली, पुन्हा अडकली. बाहेर गल्ल्यावर गिऱ्हाइकं जमली होती, कुणी हाक मारत नव्हतं.

दुसऱ्या गाण्यातलं व्हायोलिन मी नाकातून काढलं, लांबलचक, वर चढत जाणारं, घसा फाटेपर्यंत. कॅन्ससने डोळे मिटले. मग उघडले आणि पावाला बोट लावलं. "थोडं अजून." मी तिसऱ्या गाण्याला लागले, ते निम्म्यावर आलं आणि त्याने फळी उचलली. पाव भट्टीत गेले. माझा आवाज तोवर पार बसला होता.

पाव निघाले ते गोल, बसके, गडद तांबूस, कवच कडकडीत. बाबांच्या पावाशी दुरूनही नातं नाही. आईने एक कापला. मोठ्या काकांनी तुकडा घेतला, वास घेतला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला. पेपर तपासताना मुख्याध्यापक असतात तसा चेहरा. गिळून झाल्यावर म्हणाले, "हा माझ्या भावाचा पाव नाही."

आई खाली बघायला लागली. मला गप्प बसवेना. घोगऱ्या आवाजात मी सुरू झाले. "नाहीच आहे! बाबांचा पाव बाबांबरोबर गेला, काका. तो परत कुणालाच यायचा नाही, तुम्हालाही नाही. हा कॅन्ससचा आहे. ह्या माणसाला पिठातलं ओ की ठो कळत नव्हतं, तो आमच्यासाठी शिकला. कान गेले तरी एक दिवस भट्टी थंड ठेवली नाही त्याने. नक्कल म्हणायची असेल तर खुशाल म्हणा. द्यायची असेल तर द्या जागा औषधवाल्याला. आम्ही रस्त्यावर भट्टी लावू, पण हाच पाव भाजू!"

"झालं बोलून?" मोठे काका म्हणाले.

"झालं."

"मग आणखी एक तुकडा दे. कडेचा. लोणी नको."

मी दिला. तो त्यांनी अख्खा खाल्ला. मग बोटांवरचे कण दुसऱ्या हाताने झटकून म्हणाले, "पाटी उतरवा. हा पाव त्याच्या नावावर खपवायचा नाही. ज्याचा आहे त्याचं नाव लावा. औषधवाल्याला मी नाही म्हणून कळवतो." आईला हुंदका आला. काकांनी तिकडे मुद्दाम बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. "आणि हे गाणं कुठून आणलंस तू? आपल्या घरात कुणाच्याच गळ्यात सूर नाही. तुझा बाप तर गुणगुणायला लागला की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे."

आईने मान कॅन्ससच्या दिशेने केली. तो उरलेले पाव जाळीवर मांडत होता. त्याच्यापर्यंत यातलं काही पोचलं नव्हतं. पाव खाल्ला गेला एवढंच त्याला दिसलं होतं आणि तो घाबरून आमच्याकडे बघायचं टाळत होता. मोठे काका उठले. काठी टेकत त्याच्याजवळ गेले, त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "खाण तशी माती. दुसरं काय!"

कॅन्ससने माझ्याकडे पाहिलं, काय म्हणाले म्हणून. मी त्याच्या कानाशी गेले आणि उरलासुरला घसा फाडून ओरडले, "काका म्हणतायत, खाण तशी माती! गळा मला तुझ्याकडून आलाय म्हणतात!"

"काय?" तो म्हणाला.

मी पुन्हा ओरडले. गल्ल्यावरची गिऱ्हाइकं हसायला लागली.

"काय?" त्याने कान पुढे केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि भुवयांवरच्या पिठाची गालांवर लापशी झाली होती. त्याला पहिल्याच वेळी कळलं होतं, मला दिसत होतं ना. पण त्याने आणखी एकदा विचारलं, आणि मी आणखी एकदा ओरडून सांगितलं.